पहिली कोवळी भाजी

वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे आम्ही सिल्वासात राहायचो. जवळच्या अथाल गावची एक वारली मावशी दर पावसाळ्यात घरामागच्या टेकडीवरून आम्हाला शेवळं, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या आणून द्यायची. पण पहिली कोवळी भाजी देवाची. ती वाहिल्याशिवाय मावशी स्वतः खायची नाही आणि आईने कितीही गळ घातली तरी आम्हालाही त्यातलं एक पान द्यायची नाही.

नव्वदनंतर कारखान्यासाठी तिची ती टेकडी सपाट झाली. साहेबलोक म्हणाले, तिथे होतं काय, नुसतं रान! ते ‘नुसतं’ मला आजही झोंबतं.

पुढच्या पावसाळ्यात मावशी रिकाम्या हातांनी दारात आली. आईला म्हणाली, “बाई, बाजारची कुठली पण भाजी दे. देव अजून उपाशीच हाय.”

घरात अर्धा चिरलेला कोबी होता. त्या वर्षी रानाच्या देवापुढे तोच गेला.