वंशावळीच्या वहीत एक दुरुस्ती

आत्याला कुत्री आवडायची की नाही, हे मी तिची सख्खी भाची असूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवताना मी तिला कधी पाहिलं नाही. ती त्याची हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडे वळवायची आणि डोळ्यांत बघायची. कुत्रं निमूट उभं राहायचं. तिच्यापुढं माणसंही तशीच उभी राहत.

वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात तिनं एकतीस वर्षं काढली. दुकानात शिरायचं, खात्याचं शिक्क्याचं वजन काट्यावर ठेवायचं, काटा काय सांगतो ते लिहून घ्यायचं. दुकानदार चहा मागवायचे. ती म्हणायची, "आधी काटा." काटा झाल्यावर बहुतेकांना चहाची आठवण राहत नसे.

कुत्र्यांचा नाद काकांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा. आखूड पायांची, राठ केसांची, एकाच जातीची ही कुत्री. पूर्वी शेतातल्या बिळांत शिरून घुशी काढायला त्यांना पाळत. आता ती सोफ्यावर झोपतात. पाळणाऱ्यांची एक संघटना होती, शंभरेक घरांची. तिची वंशावळीची वही वीस वर्षं काकांकडे होती. प्रत्येक पिल्लाचे आई-बाप, जन्मतारीख, रंग, कोणाकडे गेलं, कशानं मेलं, सगळं त्या वहीत. काकांचा स्वतःचा कुत्रा कप्तान. स्पर्धेत तो उभा राहिला की बाकीच्यांनी आपापली कुत्री घेऊन घरी जावं, असा. ज्यानं त्यानं आपल्या मादीसाठी कप्तानच मागावा, आणि काकांना नाही म्हणता येत नसे. कप्तान एकोणीस वेतांचा बाप झाला.

काका गेले. महिन्याभरानं संघटनेचे अध्यक्ष, जे बेकरी चालवत, ते वही न्यायला आले. तोवर आत्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती.

"तेवीस चुका आहेत," ती म्हणाली. "एक कुत्री स्वतःच्या आईच्या आधी जन्मलीय."

"मग आता तुम्हीच ठेवा वही," अध्यक्ष हसत म्हणाले.

ते गमतीनं म्हणाले होते. आत्यानं तो हुकूम मानला. वही राहिली, आणि वहीबरोबर काकांची शेवटची कुत्री मिरी राहिली, कारण तिला कोणी मागितलंच नाही.

दोन वर्षांनी एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "ताई, आमचा कुत्रा हल्ली संध्याकाळी खुर्च्यांना धडकतो. बायको म्हणते, नाटक करतो."

"दिवसा?"

"दिवसा एकदम ठीक."

"कुत्री नाटक करत नाहीत. मी येते."

तिथं गेल्यावर तिनं दिवाणखान्याचे पडदे ओढले, बोळात कपड्यांची टोपली ठेवली आणि कुत्र्याला हाक मारायला सांगितली. तीन वर्षांचा तो धडधाकट कुत्रा सरळ टोपलीत घुसला. मग पडदे उघडून पुन्हा हाक. या वेळी तो टोपलीला ऐटीत वळसा घालून आला. दोन्ही वेळी काय झालं ते आत्यानं लिहून घेतलं.

जनावरांच्या दवाखान्यात तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बसत. त्यांनी कुत्र्याच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकला.

"आतला पडदा झिजत चाललाय," त्या म्हणाल्या. "आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग उजेडातलंही. दुखत नाही. औषधही नाही."

"कशामुळे?"

"आई-बापांमुळे. दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं की पिल्लू मोठेपणी आंधळं होतं. एकाकडूनच आलं तर त्याला काही होत नाही, जन्मभर स्वच्छ दिसतं. फक्त ते दोष पुढं देत राहतं. त्याला आम्ही वाहक म्हणतो."

"म्हणजे काटा बरोबर दाखवतो, पण आत खोट आहे."

"तसं म्हणा हवं तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना आत्याची नोकरी माहीत नव्हती.

संघटनेच्या सगळ्या घरांना पत्रं गेली. ती मी टाइप केली. पत्रात एकच प्रश्न होता: आपला कुत्रा कमी उजेडात अडखळतो का? खाली आत्यानं मुद्दाम एक ओळ घालायला लावली: 'हट्टी आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही.

आणखी सहा कुत्री निघाली. एका घरात जिन्यातला दिवा तीनदा बदलून झाला होता. दुसऱ्या घरात कुत्रा फ्रीजला घाबरतो, अशी सगळ्यांची खात्री होती, म्हणून फ्रीजची जागा बदलली होती. मग तो नव्या जागीही फ्रीजला घाबरायला लागला.

आत्यानं जेवणाच्या टेबलावर मोठा कागद चिकटवला आणि त्या सात कुत्र्यांच्या पिढ्या मागं मागं काढत नेल्या. चार रविवार आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. सातही कुत्र्यांच्या बापाकडच्या रेघा आणि आईकडच्या रेघा एकाच चौकोनात येऊन मिळाल्या.

"तू एकदा तपास," ती म्हणाली.

मी तपासलं. "आत्या, हा तर काकांचा..."

"कोणाचा ते विचारलं नाही. रेघा बरोबर आहेत का?"

"आहेत."

"मग ठीक," म्हणून ती भांडी घासायला गेली. घासलेली भांडी तिनं परत एकदा घासली.

त्यानंतर तिनं वहीतले कप्तानच्या पिल्लांचे सगळे शेरे वाचायला घेतले. काकांचे शेरे दोन शब्दांचे असत: 'निरोगी आहे', 'म्हातारपणी गेला'. पण कप्तान आणि त्याचीच एक नात यांच्या वेतातल्या एका मादीपुढं लांब शेरा होता: 'चौथ्या वर्षी जिन्यावरून पडल्यामुळे दृष्टी गेली.' ती मादी कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडे होती. काकांच्या कपाटात त्या बाईंचं चौदा वर्षांपूर्वीचं पत्रही सापडलं. संध्याकाळ झाली की हिला दिसत नाही, आता दिवसाही कमी दिसतंय, हे हिच्या वंशात आहे का, असं सरळ विचारलं होतं. पत्रात जिन्याचा कुठंही उल्लेख नव्हता. पाठीमागं काकांच्या अक्षरात पेन्सिलनं एकच शब्द होता: 'जिना?'

पुढच्या शनिवारी आम्ही त्या बाईंकडे गेलो. वरच्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी शिवणयंत्र, बाईंच्या गळ्यात टेप. टेपचा पहिला इंच झिजून गेला होता. आत्याच्या ते लक्षात आलं, हे माझ्या लक्षात आलं. पण त्या दिवशी ती काही बोलली नाही.

"तुमच्या कुत्रीबद्दल विचारायला आलेय," आत्या म्हणाली. "ती जिन्यावरून पडली होती का?"

"पडली होती. एकदाच, दोन पायऱ्या. लहान असताना." बाईंनी चहा पुढं केला. "तुमच्या यजमानांनीच फोनवर विचारलं, कधी कुठं आपटली होती का म्हणून. मी आठवून आठवून सांगितलं. ते म्हणाले, मग त्यामुळेच. जिन्याचं दार मीच उघडं टाकलं होतं. त्यानंतर परत कुत्रं पाळलं नाही. म्हटलं, आपल्याच्यानं होत नाही."

"जिन्यामुळे नव्हतं," आत्या म्हणाली. "आमच्या कुत्र्यामुळे होतं. तिच्या बापाकडून आणि आईकडून आलं होतं. तुम्ही दार बंद ठेवलं असतं तरी ती आंधळी झालीच असती."

बाईंनी कप खाली ठेवला आणि त्या पडद्याआडच्या स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी आत्याला निघू या म्हणून खुणावलं. ती हलली नाही. वीसएक मिनिटांनी बाई बाहेर आल्या. डोळे लाल होते, आवाज मात्र स्थिर होता.

"चौदा वर्षं," त्या म्हणाल्या. "आणि आता माझ्याकडून काय पाहिजे?"

"तिला दिसेनासं झालं तो महिना. नोंद दुरुस्त करायचीय."

बाईंनी आत्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "मार्च. लिहा. आणि ते जिन्याचं खोडा."

"खोडता येत नाही. त्यावर एक रेघ मारून खाली खरं लिहायचं, सही करायची आणि तारीख घालायची. चूक कोणाची ते दिसलं पाहिजे."

"मग तसं करा," बाई म्हणाल्या. दारापर्यंत पोचवायला त्या आल्या नाहीत.

गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "तुझ्या काकांना माहीत होतं." मी गाडी सुरू केली. "मी दिवसभर लोकांचे काटे तपासत हिंडत होते, आणि घरात..." मग म्हणाली, काच वर कर, वारा लागतोय. काच वरच होती.

सगळ्या कुत्र्यांची तपासणी करून घ्यायला तीन महिने लागले. गालाच्या आतून एक बारीक ब्रश फिरवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढंच ते काम. अठ्ठावन्न कुत्र्यांचे निकाल आले. मग वाचनालयाच्या सभागृहात बैठक झाली. आत्यानं आधी कप्तानची नोंद वाचली, मग काकांचा जिन्याचा शेरा, मग त्याखालची स्वतःची दुरुस्ती, सहीसकट.

"वहिनी," अध्यक्ष हळूच म्हणाले, "माणूस गेलाय. हे असं चारचौघांत..."

"मी माणसाबद्दल बोलत नाहीय. नोंदीबद्दल बोलतेय." तिनं पान उलटलं. "सव्वीस निर्दोष, चोवीस वाहक, आठ दोषी. त्यातली आठवी माझ्या घरी आहे. तिला अजून दिसतं, पण पुढं दिसणार नाही."

ती मिरी. निकाल येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

पोहायला शिकवणारे एक मास्तर उठले. तलावापलीकडच्या माणसाशी बोलायची सवय असल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटे. "मग विचार कसला करताय? सव्वीस ठेवा! बाकी सगळ्यांची नसबंदी करून टाका! जातच स्वच्छ होईल!"

टाळ्या पडल्या. आत्यानं त्या थांबू दिल्या.

"सव्वीसपैकी अठरा दोन बहिणींची पिल्लं आहेत," ती म्हणाली. "त्यांचीच आपापसांत लग्नं लावत बसलो, तर दहा वर्षांनी डोळे चांगले असतील आणि मूत्रपिंडं निकामी असतील. आणि ते कोणाकडून आलं ते शोधायला मी नसेन."

मग तिनं पिशवीतून बटणांचा डबा काढला. प्रत्येक कुत्र्याची दोन बटणं. पांढरं म्हणजे निर्दोष, काळं म्हणजे सदोष. पिल्लाला आईचं एक आणि बापाचं एक बटण मिळतं. दोन वाहक एकत्र आले, तर चारांत एका पिल्लाच्या वाट्याला दोन्ही काळी येऊ शकतात. वाहकाची जोडी निर्दोषाशी लावली, तर दोन काळी कधीच येणार नाहीत. निम्मी पिल्लं वाहक होतील, पण आंधळं एकही नाही. पुढच्या पिढीत पिल्लं तपासून निर्दोष तेवढी पुढं न्यायची. असं हळूहळू काळं बटण कमी करायचं, कुत्री कमी न करता.

"आणि यापुढं कुठल्याही नराची पाचांपेक्षा जास्त वेतं होणार नाहीत," ती म्हणाली. "कितीही देखणा असला तरी."

मास्तरांनी डबा ओढून घेतला आणि वाहकाला वाहक लावून बटणं काढायला सुरुवात केली. चौथ्या खेपेला दोन्ही काळी आली. "हा योगायोग आहे!" ते गरजले.

"हो," आत्या म्हणाली. "पिल्लांचंही तसंच असतं."

मतदान झालं. ठराव पास झाला. मास्तर संघटना सोडून गेले आणि दोन वर्षांनी परत आले, कारण त्यांच्या निर्दोष मादीला जवळच्या नात्यातला नसलेला निर्दोष नर कुठंच मिळेना. आत्यानं त्यांना एक वाहक नर सुचवला. त्यांनी मुकाट्यानं घेतला.

अडखळण्याचा प्रश्न विचारणारं ते पत्र आता दर वर्षी जाई; कपडे शिवणाऱ्या बाईंनाही आत्यानं त्याच्या यादीत घातलं. का, ते तिनं मला सांगितलं नाही. दर वर्षी त्यांचं पत्र परत येई, प्रश्नापुढं दोनच शब्द: 'कुत्रा नाही.' पण येई. आत्या ते फायलीला लावून ठेवी.

तिसऱ्या वर्षी मिरीची दृष्टी पूर्ण गेली. घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही, असा नियम झाला. मी एकदा स्टूल सरकवलं तर आत्यानं मला बोलावून ते परत ठेवायला लावलं, पायांच्या खुणांवर बरोबर. खोलीत शिरताना ती मिरीला वर्दी द्यायची: "मी आले आहे. दाराच्या उजवीकडे उभी आहे. हातात बादली आहे." काकांशी ती आयुष्यात एवढं बोलली नसेल. मिरी चौदा वर्षं जगली. वहीत शेरा आहे: 'दोषी. म्हातारपणी गेली.'

या सगळ्याला आता अकरा वर्षं झाली. ठरावानंतर जन्मलेलं वहीतलं एकही पिल्लू त्या दोषानं आंधळं झालेलं नाही. वाहक सातांत एक उरलेत. अध्यक्षांनी मध्यंतरी आत्याचा सत्कार करायचं काढलं होतं. तिनं कळवलं की त्याच दिवशी डोळे तपासायचं शिबिर ठेवा, लोक कुत्री घेऊन येतील.

तसं शिबिर आता दर वर्षी होतं. गालातून काढलेल्या नमुन्यात तो एकच दोष कळतो, आणि डोळ्यात बिघडण्यासारखं पुष्कळ असतं. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंना एका वेतातल्या दोन भावंडांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा ठिपका दिसला. दोघंही जेमतेम दोन वर्षांची. "कदाचित काही नसेल," त्या म्हणाल्या.

आत्या आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिनं दोघांच्याही हनुवट्या धरून डोळे उजेडाकडे वळवले, मग मालकाला विचारलं, यांची आजी कुठल्या वर्षी गेली आणि शेवटी शेवटी तिला नीट दिसत होतं का. मालक म्हणाला, दिसत असावं, जरा हट्टी होती.

आत्यानं पेनाचं टोपण काढलं.