डाव्या मुठीतले दाणे

आईची प्रार्थना मी बंद केली. रागाने नाही, भांडूनही नाही. साउंडच्या टेबलावरची एक कळ बोटाने खाली सरकवली, एवढंच. चर्चमध्ये त्या वेळी सगळे डोळे मिटून बसले होते, त्यामुळे मला कोणी पाहिलंसुद्धा नाही. पण काही महिने झाले, ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

हिंगोलीत आम्ही ख्रिस्ती तसे मूठभरच. चर्चही लहान, पत्र्याच्या छपराचं, उन्हाळ्यात आत बसवत नाही असं. माझ्या लहानपणी तिथे एक पेटी होती, एक ढोलकी होती आणि झांजांचा एक जोड. आई सरकारी नर्स. आधी कुरुंद्याला, मग साखऱ्याला तिची नोकरी झाली आणि त्या भागातल्या अर्ध्या पोरांना पहिला उजेड तिनेच दाखवला. निवृत्त होऊन ती हिंगोलीत आली तरी लोकांच्या तोंडी ती 'सिस्टरबाई'च राहिली. दर रविवारी उपासनेत दानार्पण झालं की मध्यस्थीची प्रार्थना असते, म्हणजे आपल्यासाठी नाही, दुसऱ्यांसाठी देवाकडे मागायचं. ती प्रार्थना कित्येक वर्षं आईकडे होती.

त्यासाठी शनिवारी आमच्या दाराशी माणसं येत. चर्चच्या मंडळीतली तर येतच, पण जास्त करून बाहेरची. कुरुंद्याचा हळदवाला शेतकरी यायचा, मुलीचं जमत नव्हतं म्हणून. एसटीतला एक कंडक्टर यायचा, त्याला मूतखड्याचा त्रास. एक मुसलमान शिंपी, आमच्या गल्लीतल्या बौद्ध कुटुंबातली एक बाई, कोण कोण. "सिस्टरबाई, उद्या आमचं बी नाव घ्या," एवढंच म्हणायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. या बाहेरच्यांतलं एकही माणूस कधी चर्चच्या आत आलं नाही. आम्ही कधी या म्हटलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

एवढी नावं आई लक्षात कशी ठेवायची, तर हरभऱ्याच्या दाण्यांवर. लोहाच्या गोळ्यांच्या एका रिकाम्या बाटलीत तिने हरभरे भरून ठेवले होते. नाव आलं की एक दाणा काढून पदराच्या गाठीत. रविवारी उभी राहिली की सगळे दाणे डाव्या मुठीत घ्यायची आणि एकेक नाव घेऊन दाणा उजव्या मुठीत टाकायची. डावी मूठ रिकामी झाली की आमेन. मी एकदा म्हटलं, कागदावर लिहून ने ना. तर म्हणाली, "डोळे मिटून कागद कसा वाचू?" वडील होते तोवर तिची टर उडवायचे. "देवा, ही बाई रोमन कॅथलिक होऊन राहिली बघ. माळच जपून राहिली!" आई हसायची आणि दाणे मोजायची.

मला मात्र त्या प्रार्थनेची लाज वाटायची. लिहितानाही वाटते, पण खोटं कशाला लिहू. ती नुसतं नाव घेऊन थांबत नसे. हळदवाल्याच्या मुलीला आलेलं स्थळ कसं मोडलं, कंडक्टरला कुठल्या कुशीला दुखतं, कोणाची म्हैस वासराला जवळ घेत नाही, सगळं देवाला सविस्तर सांगायची. देवाला जणू काही ठाऊकच नाही! वीस मिनिटं जायची. मागच्या बाकावरचे दोघे-तिघे घोरायचे. मी लहान असताना छपराचे पत्रे मोजायचे आणि मोठी झाल्यावर घड्याळ पाहायचे.

तीनेक वर्षांपूर्वी नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, आले. तरुण, कामसू, मनाने चांगला माणूस. पेटी कपाटात गेली. की-बोर्ड आला, ड्रम आले, रंगीत दिवे आले, भिंतीवर मोठा पडदा आला आणि बरीच गाणी हिंदीत आली. उपासना मोबाइलवरून लाइव्ह जाऊ लागली. जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. पेटी बेसूर होती, आम्हीही बेसूर होतो आणि तरुण पोरं चर्चकडे फिरकत नव्हती. ती येऊ लागली. मी शाळेत शिक्षिका, त्यात चर्चच्या पंचकमिटीची सेक्रेटरी, आणि मशिनींची मला भीती वाटत नाही, म्हणून साउंडचं टेबल माझ्याकडे आलं. मला ते मनापासून आवडलं. कोणाचा आवाज किती, दिवा कधी मंद, पडद्यावर ओळ कधी, सगळं माझ्या हातात. रविवारी घरी आले की पाळकसाहेबांचा मेसेज यायचा, 'ताई, आज आराधना अप्रतिम झाली.' मी सुखावायचे. त्या दीड-दोन तासांत मी स्वतः देवाशी एक शब्दही बोलले नाही, हे माझ्या ध्यानात यायचं, पण पुढच्या रविवारी बघू म्हणून मी ते बाजूला सारायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

लाइव्हमध्ये एक सोय असते, लोक कुठल्या मिनिटाला निघून जातात ते एका रेघेवर दिसतं. कमिटीच्या बैठकीत पाळकसाहेबांनी ते दाखवलं. मध्यस्थीच्या प्रार्थनेपाशी रेघ खाली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मग मीच म्हटलं, "तीन मिनिटं ठेवू. तीन मिनिटं झाली की की-बोर्ड सुरू करायचा. आईला मी सांगते." सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा आला.

आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "तीन मिनिटं," ती म्हणाली. "व्हय. बघते." बस, तेवढंच.

त्या रविवारी तिच्या मुठीत बरेच दाणे होते. तिने प्रयत्न केला, हे मला मान्य केलंच पाहिजे. आयुष्यभर हातातल्या घड्याळावर लोकांच्या नाड्या मोजलेली बाई ती, तीन मिनिटं किती असतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. भरभर नावं घेत गेली, दुखणी गाळली, म्हशी गाळल्या. पण साखऱ्याच्या एका आजारी लेकराच्या नावापाशी अडली. त्याच्याबद्दल थोडं सांगायला लागली. समोरच्या घड्याळात तीन मिनिटं झाली. की-बोर्डवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि आईच्या माइकची कळ खाली सरकवली.

तिला लगेच कळलं नाही. ओठ हलत राहिले. मग ड्रम सुरू झाले, लोक उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या. आईने डोळे उघडले आणि सगळीकडे पाहिलं, चुकीच्या बसमध्ये बसल्याचं मध्येच कळलेल्या माणसासारखं. मग ती हळूच जाऊन आपल्या जागेवर बसली. तिची डावी मूठ बंद होती.

घरी आल्यावर मी आपणहून म्हटलं, "अगं, सवय होईल. थोडी नावं कमी घे."

आई हात धूत होती. पदराला हात पुसत म्हणाली, "कोणाचं गाळू? तू सांग. तू म्हणशील ते गाळते."

मला राग आला, आणि तो तिचाच आला. किती हा हट्ट, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, ती प्रार्थना आता दुसऱ्या कोणाकडे द्या, मला जमत नाही. तक्रार केली नाही, माझं नावही काढलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली ती बौद्ध बाई आली. तिच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच बाळ झालं होतं आणि ते नांदेडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. आई बाजारात गेली होती. मी दार उघडलं.

"बाळ बरं हाय आता," ती म्हणाली. "दूध प्यायला लागलं. पर सून इचारते, आपलं नाव काहून न्हाई आलं?"

मला काही उलगडेना. मग तिने सांगितलं. रविवारी सून दवाखान्याच्या व्हरांड्यात मोबाइल धरून बसली होती. आमच्या चर्चचं लाइव्ह लावलं होतं, नाव यायची वाट पाहत. नावं देऊन गेलेले बरेचजण दर रविवारी तसंच पाहतात म्हणे. प्रार्थना झाली की मोबाइल बंद करतात.

"गाणं सुरू झालं तरी बसली होती. म्हणे, गाण्यानंतर घेतील." मग ती म्हणाली, "बाई, आमी देव मानत न्हाई, तुमाला ठाऊकच हाय. पर सिस्टरबाई नाव घेतात तवा बरं वाटतं. चार माणसांत कोणी आपलं नाव काढलं, असं वाटतं. आमच्याकडून काही चुकलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "मशिन बिघडलं होतं." धडधडीत खोटं बोलले. चर्चची सेक्रेटरी आहे मी.

ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडून ती रेघ पुन्हा पाहिली, मागच्या कितीतरी रविवारांची. माणसं प्रार्थना सुरू झाली की नव्हे, प्रार्थना संपता संपता जात होती. आणि त्यातली काही प्रार्थनेच्या जरा आधीच येऊन बसत होती. आम्ही बैठकीत नुसता उतार पाहिला होता. चढ कोणीच पाहिला नव्हता, आणि तो पाहायचं काम माझं होतं. त्या दिवशी मला स्वतःची शिसारी आली.

पाळकसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. विचार करून म्हणाले, "ताई, असं करू. नावं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू आणि गाणं चालू असताना पडद्यावर दाखवू. कोणाचंच नाव राहणार नाही." मीच ती यादी बनवली. निळ्या ढगांच्या चित्रावरून नावं खालून वर सरकत गेली, एकापाठोपाठ एक, कसलीही कुरकूर न करता. घरी येताना आईने विचारलं, "नावं छान दिसत होती. वाचली कोणी?"

त्यानंतरच्या रविवारी मी टेबलाशी बसले होते. गाणं जोरात चाललं होतं, सगळे उभे होते. माझं लक्ष मागच्या बाकाकडे गेलं. आई एकटीच बसलेली होती, डोळे मिटून. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. डाव्या मुठीतून अंगठ्याने एक दाणा वर आला आणि उजव्या मुठीत गेला. थोड्या वेळाने आणखी एक. शनिवारी माणसं येतच होती, आणि ती कोणाला नाही म्हणत नव्हती. एवढ्या आवाजात, एवढ्या दिव्यांत ती आपलं काम करत होती. तिच्यापुढे माइक नव्हता, त्यामुळे आता मला बंद करायलाही काही नव्हतं.

उपासना संपली आणि आम्ही रिक्षात बसलो. आईची डावी मूठ अजून बंदच होती. मी विचारलं, "राहिले का आजही?"

"एकच."

"कोणाचा?"

"तुझा," ती म्हणाली. "तुझा शेवटी असतो. पहिल्यापासून."

म्हणजे त्या रविवारीही, मी कळ खाली सरकवली तेव्हा, त्या मुठीत मीही होते. मी विचारलं, "माझ्यासाठी काय मागतेस?"

"तुला प्रार्थना येईनाशी झाली, तेच. दिव्यांकडे पाहत बसतीस. मला काय दिसत न्हाई?" तिचा आवाज रागाचा नव्हता. पेशंटला काय झालंय ते सांगावं तसा होता.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. डोळे पुसताना तिच्या मुठींकडे पाहत होते, आणि इतक्या वर्षांत कधी न सुचलेलं मला सुचलं. "आई, तुझा दाणा कोणता?"

"माझा कशाला?" ती म्हणाली. "मी तर बोलून राहिले न्हवं देवाशी."

इतके शनिवार, इतकी माणसं. गुडघे दुखत होते तिचे, वडील गेल्यापासून झोप नीट लागत नव्हती. तिचं नाव घ्यायला कोणी कधी आलं नव्हतं. मी तिच्या मुठीतला तो एक दाणा काढून घेतला आणि माझ्या डाव्या हातात धरला. रिक्षा आमच्या दारासमोर थांबली होती, रिक्षावाला मागे वळून पाहत होता. मी डोळे मिटले आणि आईचं नाव घेतलं. पुढचं काही सुचेना. किती वेळ गेला ठाऊक नाही. आईने रिक्षावाल्याला हाताने थांब म्हणून खुणावलं आणि ती शेजारी बसून राहिली. तिने मला मध्येच तोडलं नाही.