दिवाळीची दुमड

नातीच्या लग्नाचा लेहेंगा मी दुकानात उलटा करून पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. वर खडे आणि जर, आत ताठ जाळी, कमरेला चेन. एवढा थाट, पण खालच्या काठाला दुमडायला बोटभर कापड सोडलेलं नाही. मी दुकानदाराला चार शब्द सुनावले. "आजी, मी आता काय वाढणार आहे का?" नात हसली. तिचं खरंच होतं. मला मात्र तिथंच रडू फुटलं, आणि तिला वाटलं, मला लेहेंगा आवडला नाही.

आमच्या लहानपणी बुऱ्हाणपुरात परकर कुणी मापाचा शिवत नसे. मुलगी वाढणार हे धरूनच आई कापड घ्यायची. जास्तीचं कापड आतून दुमडून टाके घालायची आणि दर दिवाळीला एक दुमड उसवायची. तेवढ्या पट्ट्यात रंग कोरा दिसे. पोर किती वाढली, ते त्यावरून अख्ख्या गल्लीला कळे.

माझ्या धाकट्या बहिणीला एवढा धीर कुठला! बाजाराला येणाऱ्या निमाडी बायांच्या घाघऱ्यासारखा पायघोळ परकर तिला आत्ताच हवा होता.

"माय, एक दुमड उसव नं वं."

"दिवाळीले उसवते. दम धर."

तेव्हा संस्थानं विलीन होत होती. वडील मास्तर; वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि तिला चिडवत, "साऱ्या राजांचं ठरलं, आमच्या राणीच्या परकराचं काही ठरेना!" ती गाल फुगवून बसायची.

त्या वर्षी नवरात्र सरता सरता तिला ताप भरला. तो उतरलाच नाही.

अंगणात माणसं जमली. तिला तापीकाठी राजघाटावर न्यायची तयारी चालली होती. आई मात्र तिचा हिरवा परकर मांडीवर घेऊन टाके उसवत बसली. सगळ्या दुमडी उसवल्या तिनं.

"आता कशाले वं बाई?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"दिवाळीले उसवते म्हटलं होतं तिले," आई म्हणाली. "आता दिवाळी कुठून आणू?"

मग कुणी घाई केली नाही. आईनं तिला परकर नेसवला, नाडी बांधली. वरचा हिरवा विटलेला, खालचे पट्टे कोरे करकरीत. परकर पावलांच्याही खाली उतरला. माझ्या बहिणीचे पाय दिसेनासे झाले.