सोमवारचा पंचनामा

त्या पंचनाम्यावरची माझी सही आजही डोळ्यांपुढे येते आणि मान खाली जाते. या प्रकरणाच्या दोन हकिकती लोक सांगतात. माझे एक जुने सहकारी निवृत्तांच्या मेळाव्यात ते 'खोटा दावा उघडकीस आणल्याचे' उदाहरण म्हणून रंगवतात. दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतात, मी पैसे खाल्ले, किंवा माझ्या मनात मुसलमान समाजाविषयी द्वेष होता. दोन्ही हकिकती खोट्या आहेत. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, हे माझे वैरीही सांगतील. जे घडले ते याहून क्षुल्लक होते, आणि म्हणूनच मला त्याची अधिक लाज वाटते.

मी तेव्हा नाशिक जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी ठाणे प्रभारी होतो. एका रविवारी संध्याकाळी मिरवणुकीच्या वाटेवरून दोन गटांत दंगल उसळली. दगडफेक झाली, चार दुकाने जळाली. त्यांपैकी एक दुकान एका वयस्कर मुसलमान मिस्त्रीचे होते. द्राक्षबागेवर औषध फवारण्यासाठी ट्रॅक्टरमागे जे यंत्र जोडतात, ज्याला सगळे ब्लोअर म्हणतात, त्याच्या दुरुस्तीत या माणसाचा हात धरणारा दुसरा नव्हता. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की दिंडोरीकडचे बागायतदार आपापली यंत्रे त्याच्याकडे आणून टाकत. पावती कुणी मागत नसे. मिस्त्री टाकीवर मालकाचे नाव आणि गाव रंगाने लिहीत असे, तीच पावती.

सोमवारी दिवसभर मी शेजारच्या गावात बंदोबस्तावर होतो. मंगळवारीही सवड झाली नाही. बुधवारी सकाळी मी मिस्त्रीच्या दुकानी गेलो. पत्रे वाकलेले, भिंती काळ्या, आत एक जळके लेथ आणि राखेचा ढीग. दाराशी मिस्त्री उभा होता. मी पंचनामा लिहिला: 'एक लेथ, भंगार स्वरूपात. अन्य मालमत्ता आढळून आली नाही.' मुख्यालयातून आदेश होता की सर्व पंचनामे चोवीस तासांत पूर्ण झाल्याचा अहवाल पाठवावा. म्हणून मी त्यावर तारीख घातली ती सोमवारची. ठाण्यातील नेहमीच्या दोन पंचांनी विनातक्रार सह्या केल्या. कुणाचे नुकसान करावे असा हेतू नव्हता. अहवालाचा रकाना भरायचा होता, एवढेच.

काही महिन्यांनी मिस्त्रीने सरकारविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा नाशिकच्या न्यायालयात दाखल केला. स्वतःचे लेथ, सुटे भाग आणि गिऱ्हाइकांचे नऊ ब्लोअर जळाले, असे त्याचे म्हणणे होते. त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवरचा आमचा खबऱ्या ठाण्यात आला.

"साहेब, त्या मिस्त्रीनं माल अगोदरच हलवलाय. टेम्पो, ट्रॅक्टर लागले होते दारात. मी डोळ्यांनी पाहिलं."

खबर देणाऱ्याला पहिला प्रश्न 'केव्हा?' हा विचारायचा, असे मी नव्या फौजदारांना शिकवीत असे. त्या दिवशी मी तो विचारला नाही. खबर होती तशीच मला सोयीची वाटत होती.

मिस्त्रीला बोलावून घेतले. माझ्याहून तो बारा-पंधरा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला एकेरीच बोललो.

"नऊ ब्लोअर जळाले म्हणतोस. मग सांगाडे कुठं गेले?"

"ज्याचे त्याला दिले साहेब. लोकांची चीज होती."

"जळालेली?"

"जळालेलीच. पंपाचं पितळ तरी त्यांच्या कामी यावं. छाटणी आली होती, त्यांनी काय करायचं?"

"पावती दाखव."

"टाकीवर नाव होतं साहेब. टाकी प्लास्टिकची, वितळली."

मी हसलो. ठाणे अंमलदारही हसला. "चांगली गोष्ट रचलीस," असे म्हणून मी त्याला घरी पाठवले आणि सरकारी वकिलांना कळवले की दावा बनावट आहे.

दाव्याला तारखांवर तारखा पडत गेल्या. एका तारखेला मी न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलो होतो. आत मिस्त्रीच्या बाजूने एका बागायतदाराची साक्ष चालू होती. म्हातारा बाहेर आला तो तडक माझ्यापुढे.

"रावसाहेब, तुमचा वकील म्हणतो, सोमवारीच दुकान रिकामं व्हतं. मंग मी मंगळवारी काय उचललं, भूत?"

"मंगळवारी?"

"संचारबंदी दोन तास ढिली केली व्हती ना तुम्हीच. आम्ही नऊ जण गेलो. मिस्त्री म्हणला, आण्णा, घिऊन जा, तुमचं हाय. वर म्हणला, यंत्र नव्यागत होईस्तोवर दुरुस्तीचा पैसा घेणार नाय. आन तुमचा वकील सगळ्यांम्होरं इचारतो, किती घेतले खोटं बोलायला. लय हसले लोक."

सारा उलगडा त्या क्षणी झाला. टेम्पो आले होते ते आगीनंतर, मंगळवारी. मी दुकान पाहिले बुधवारी. माझ्या कागदावर मात्र ते सोमवारीच रिकामे होते. त्या एका तारखेने मिस्त्री आणि हा बागायतदार, खरे बोलणारे दोघेही खोटे ठरत होते.

मी गांगरलो, ऐन वेळी सुचले नाही, असे कुणी माझ्या बाजूने म्हणू नये. माझी साक्ष पुढच्या तारखेला होती. विचार करायला मला पुरा महिना मिळाला. त्या महिन्यात मी विचार केला तो बढतीचा, दोन पंचांचा आणि ठाण्याच्या अब्रूचा. पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. वादीच्या वकिलांनी विचारले, "पंचनामा सोमवारीच केला होता?"

मी म्हणालो, "होय."

नुकसान सिद्ध झाले नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. मिस्त्रीने उच्च न्यायालयात अपील केले, ते अद्याप प्रलंबित आहे.

निवृत्तीनंतर बऱ्याच उशिरा मी मिस्त्रींकडे गेलो. आता पत्र्याच्या लहानशा शेडमध्ये त्यांचे काम चालते. मी सांगितले की तारीख खोटी होती आणि तसे प्रतिज्ञापत्र मी देणार आहे.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. "मला काय नवीन सांगता साहेब? बुधवारी तुम्ही आलात तेव्हा मी दारातच होतो."

"चूक झाली माझी."

"मला चोर म्हणालात, ते सोडा. आण्णा माझ्यासाठी कोर्टात आला आणि सगळ्यांदेखत खोटा ठरला. उरलेले आठ जण साक्षीला येणार होते. त्याची फजिती ऐकून एकही आला नाही. कोण येईल? मीच म्हटलं, नका येऊ."

तिथून मी थेट वकिलांकडे गेलो.

प्रतिज्ञापत्र मी दाखल केले आहे. त्या सोमवारी मी दुसऱ्या गावी होतो, ही ठाण्याच्या डायरीतील नोंद कुठे सापडेल तेही त्यात लिहिले आहे. अपिलात हा नवा पुरावा घेतला जाईल की नाही, हे वकिलांना सांगता येत नाही. शपथेवर खोटे बोलल्याबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, एवढे मात्र ते खात्रीने सांगतात. सहकारी विचारतात, या वयात हे कशाला? त्यांना माझे उत्तर आहे की मेळाव्यात ती गोष्ट पुन्हा सांगू नका.

नोकरीत मी शेकडो माणसांचे खोटे पकडले. त्या धंद्यात मी हुशार होतो, हे आजही कुणी नाकारू नये. पण चोराच्या खोट्यावर कुणी विसंबत नाही. माझ्या खोट्यावर ठाण्याचा शिक्का होता आणि न्यायालय त्यावर विसंबले. मिस्त्री आता ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या तारखेला ते मुंबईला जाणार आहेत. मीही जाणार आहे, वेगळ्या गाडीने. बरोबर चला असे मी त्यांना म्हटले होते. ते नको म्हणाले.