पडेलकाकांची शेवटची फेरी

माझं गेमचं दुकान आहे. सहा मशिनी, एक कुरकुरणारा पंखा आणि त्याहून कुरकुरणारी मी. पोरं मला माघारी फौजदारीण म्हणतात, म्हणू देत. बटणं आपटली की मी ओरडणारच.

पडेलकाका रोज सकाळी अकराला यायचे, दुकानात चिटपाखरूही नसताना. गळ्याला बारा महिने रुमाल. पहिल्या दिवशी मी खेकसले, "काका, तोंडाने सांगा की काय हवंय!" त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं, 'कराटेचं मशीन. एक टोकन.' मी मेलीने पटकन टोकन पुढे केलं. पुढे कळलं, सात वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. बायको त्याआधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. घरात ते आणि चार भिंती.

त्या कराटेच्या गेममध्ये सिनेमातला एक हिरो आहे. नाव कशाला घेऊ, अजून त्याची पोस्टरं लागतात. चेहरा त्याचा, उड्या त्याच्या, कपाळाला लाल पट्टी त्याचीच. आणि काका खेळायचे काय, विचारू नका! सत्तरीचा माणूस, पण एकेका गुंडाला लोळवत थेट शेवटच्या फेरीला भिडायचे. तिथे पोचले रे पोचले की दोन्ही हात मशीनवरून काढून पाठीमागे बांधायचे. समोरचा आडदांड गडी हिरोला बदड बदड बदडायचा आणि पाठ फिरवून चालू लागायचा. हिरो पडल्या पडल्या मान उचलून ओरडायचा, "जातोस कुठे? मी आहे अजून!" काका डोळे मिटून तेवढं ऐकायचे आणि घरी जायचे.

रोज हेच! अहो, जिंकता येत असताना कोणी हरतं का? पडेलकाका हे नाव मीच पाडलं, आणि तोंडावर हाक मारायचे. "आज तरी जिंका, दुकानाला तोरण बांधते!" ते हसायचे. हसण्याचा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

सुट्टीच्या तोंडावर त्यांनी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, 'रविवारी नात येतेय. सहा वर्षांची. तिला इथे आणणार.' खाली दोन रेघा मारल्या. माणूस इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. म्हटलं, नातीसमोर या खटाऱ्याने माझी लाज काढायला नको. पडद्याचे रंग उडालेले, स्पीकर खरखरणारा. मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, याचं नवीन आलंय. आतला बोर्डच बदलू. चित्र झकास, आणि आता आवाजसुद्धा खुद्द हिरोचा. जुन्यात कुणा भलत्याचाच होता." मी लगेच हो म्हटलं. जुना बोर्ड माझ्या हाताने भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला.

शनिवारी काका आले. "बघा, तुमच्या नातीसाठी नवंकोरं केलंय!" मी आपली मिरवत होते. ते खेळले, शेवटच्या फेरीला पोचले, हात मागे बांधले, डोळे मिटले. हिरो पडला. स्पीकरमधून जाडजूड, घोटलेला आवाज आला, "जातोस कुठे? मी आहे अजून!"

काकांनी डोळे उघडले. वाकून स्पीकरच्या जाळीला कान लावला. मग वही काढली. 'आधीचा कुठे गेला?'

"भंगारात! अहो, तो कुणा भलत्याचा होता. हा खरा आहे."

त्यांनी वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, 'तो माझा होता.'

पुढचं तुटक तुटक लिहीत गेले. तीस वर्षं सिनेमांना आवाज दिला. मारामारीतल्या किंकाळ्या, गर्दीचा गलका, पडणाऱ्या माणसाचं 'आई गं'. अख्खं वाक्य वाट्याला आलं ते एवढंच, तेही हिरोला वेळ नव्हता म्हणून. घरातलं बोलणं कोणी टेप करून ठेवलं नव्हतं. नात जन्मली ती ऑपरेशननंतर. तिने फोनवर विचारलं होतं, आजोबांचा आवाज कसा होता? त्यांनी तिच्या आईकरवी तिला कबूल केलं होतं, आलीस की ऐकवतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकान उघडं टाकून भंगारवाल्याकडे पळाले. त्याने बोर्ड केव्हाच फोडला होता. मेकॅनिकने दिवसभर फोन फिरवले, तसला जुना बोर्ड कुणाकडेच निघाला नाही. संध्याकाळी काकांच्या दारात जाऊन मी ढसाढसा रडले. घरात एकच खुर्ची. त्यांनी मला तिच्यावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

रविवारी येतील असं वाटलं नव्हतं. पण बरोबर अकराला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, नातीचा हात धरून. त्यांची मुलगी घरी सामान लावत होती म्हणे. काकांनी नातीला स्टुलावर उभं केलं. मी काउंटरमागे जीव मुठीत धरून उभी. काका खेळले. शेवटची फेरी आली. हात मागे गेले. हिरो पडला आणि तो घोटलेला आवाज दुकानभर घुमला.

"आजोबा, हा तुमचा आवाज?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग नातीकडे पाहून मान हलवली. हो.

"कसला भारी आहे!" पोरीने टाळ्या पिटल्या. तिने आणखी चार वेळा ऐकायचा हट्ट धरला. चारही वेळा काका हरले, पण डोळे मिटले नाहीत. जाताना पोरगी रस्त्याने ओरडत निघाली, "जातोस कुठे? मी आहे अजून!" काका तिची पाण्याची बाटली घेऊन मागून चालत होते.

सुट्टी संपली, नात गेली. काका आता येत नाहीत. कधी मीच जाते त्यांच्याकडे, जाताना दुकानातलं स्टूल घेऊन जाते. इतकी वर्षं रोज त्यांचा आवाज माझ्या कानावर पडत होता, आणि मी मेली बडबडत होते. अकरा वाजले की तो आठवून बघते. स्पीकरची खरखर तेवढी आठवते.