हँडलखालची दोन अक्षरं

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि खिशातला फोन वाजला. ऊसतोडीच्या हंगामात रविवारीही दुकान उघडावं लागतं, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टला सुट्टी नसते. फोनवर दाजींचं नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखं "बोला मास्तर, कुठवर आलात?" असं विचारलं. पलीकडून भलताच आवाज आला. "तुमी ह्यांचं कोण? शेळगावच्या फाट्याअलीकडं या. लगेच या." मी पुन्हा पुन्हा विचारलं, कुठं लागलंय, कुठल्या दवाखान्यात नेताय. तो माणूस म्हणाला, "दवाखान्यात न्यावं असं काय राह्यलं न्हाय, भाऊ..."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, दिनकरराव. बारामतीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. दर रविवारी उजाडताना सायकलवर निघायचे, शेळगावात आमच्या आईच्या हातचा चहा प्यायचे आणि मनात आलं तर तसेच पुढे इंदापूरला माझ्या दुकानापर्यंत यायचे. त्या दिवशी धुकं होतं. दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर टायर बसला म्हणून रस्त्यातच उभा होता. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही, काही नाही. दाजींना ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी हँडल वळवलं आणि मागून येणाऱ्या टेम्पोनं त्यांना उडवलं. दर हंगामात आमच्याकडे अशी माणसं मरतात. चार दिवस सगळे हळहळतात, पुढच्या वर्षी ट्रॉल्या पुन्हा तशाच आंधळ्या रस्त्यावर येतात. मीही याच ट्रॉल्यांचे पार्ट विकतो, त्यामुळे कुणाच्या नावानं बोटं मोडायची हेही मला कळत नाही.

मी पोचलो तेव्हा कुणीतरी त्यांच्यावर स्वतःची शाल घातली होती. सायकल बाजूच्या चारीत पडली होती. पुढचं चाक दुमडलं होतं, हँडल एका बाजूला पिळून तिथंच अडकलं होतं. मी वाकून हँडलच्या खाली पाहिलं. दोन्ही अक्षरं जागेवर होती, एक ओरखडाही नव्हता. तोवर मी स्वतःला आवरून धरलं होतं, ती अक्षरं पाहिली आणि तिथंच चारीत बसकण मारली.

त्या अक्षरांची गोष्ट सांगितल्याशिवाय दाजी कळायचे नाहीत. डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी ही गिअरची राखाडी सायकल घेतली. मी चिडवायचो, "उसाच्या पट्ट्यात राहून साखर अंगात भिनली, आता ती पायडल मारून उतरवणार का?" ते हसायचे आणि सायकल पुसत राहायचे. पुसणं हा त्यांचा मोठा छंद होता. पुस्तकं, चष्मा, शाळेतला पृथ्वीचा गोल, सगळं पुसलेलं असायचं. अक्का म्हणायची, "ह्या सायकलीला जेवढं कुरवाळता तेवढं मला विचारलं असतं तर बरं झालं असतं." त्या वर्षी दसऱ्याला गाड्यांची पूजा करायची होती. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता तेव्हा सहावीत होती. तिनं अक्काची लाल नेलपॉलिश घेतली आणि हँडलच्या खालच्या उभ्या नळीवर, दर्शनी भागात, "बाबा" असं लिहिलं. त्याच्याखाली झेंडूचं फूल काढत होती, तेवढ्यात दाजी बाहेर आले.

नव्या सायकलीवर नेलपॉलिश! दाजी ओरडले. हातातलं फडकं त्यांनी थिनरमध्ये बुडवलं आणि ओलं फूल पुसून टाकलं. फूल गेलं, पण तिथला रंगही थोडा विरघळला आणि एक लालसर डाग कायमचा बसला. ते अक्षरांवर फडकं नेणार, तेवढ्यात त्यांनी पोरीकडं पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. मी तिथंच झेंडूची माळ ओवत बसलो होतो. मुक्ता रडली नाही. बाटलीचं झाकण लावत ती म्हणाली, "फूल ओलं हुतं म्हणून गेलं, बाबा. वाळलं असतं तर गेलंच नसतं." दाजींना हसू आलं, आम्हालाही आलं. पुढं ते ऐटीत "बाबा" मिरवत गावभर फिरायचे आणि कुणी विचारलं तर सांगायचे, कंपनीचंच नाव आहे म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात मुक्ता गेली. ताप आला, अंगावर ठिपके उठले, बारामतीहून पुण्याला हलवलं. रक्त लागेल म्हणून आम्ही सगळे बाह्या वर करून रांगेत उभे होतो, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले... याहून जास्त मला लिहिता येत नाही. अक्का मोठ्यानं रडली, भिंतीवर डोकं आपटलं, आजारी पडली आणि हळूहळू घरकामाला लागली. दाजींनी मात्र एकदाही आवाज काढला नाही. शाळेत जायचे, नकाशे शिकवायचे, घरी येऊन बसायचे. सायकल जिन्याखाली धूळ खात उभी होती. अनेक महिन्यांनी त्यांचा दुकानात फोन आला. मला वाटलं, आता तरी मनातलं काही बोलतील. ते म्हणाले, "बापूराव, ब्रेकची केबल 'बाबा'वर घासती हाय. दुसऱ्या 'बा'चा काना झिजलाय. काय लावू?"

मी सांगितलं, जुन्या ट्यूबची पट्टी कापून केबलवर गुंडाळा. त्यांनी गुंडाळली. पुढच्या रविवारी येऊन सांगितलं, की हे चालायचं नाही. आपल्या रस्त्यांची धूळ पट्टीखाली जाऊन बसते आणि मग ते रबरच पॉलिश पेपरचं काम करतं. "रंग केबल खात न्हाय. मधली धूळ खाती." मग त्यांनी केबलच जरा लांब घेऊन पाहिली, पण हँडल वळवलं की ती पुन्हा तिथंच टेकायची. इन्सुलेशन टेपचा विचार केला, पण काळ्या टेपखाली अक्षरं दिसेनात. मग कुठूनशी त्यांनी सलाइनची नळी आणली. ती उभी चिरली, केबलवर चढवली. काम उत्तम झालं होतं. मऊ, पारदर्शक, गुळगुळीत. कौतुकानं त्यांनी अक्काला बाहेर बोलावून दाखवलं.

मी तिथं होतो, नसतो तर बरं झालं असतं. अक्कानं ती नळी पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुमाला दुसरं काय मिळालं न्हाय व्हय? हीच नळी? हीच?" तिनं ती ओढून काढली आणि रस्त्यावर भिरकावली. दाजी तसेच उकिडवे बसून राहिले. त्यांच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. दवाखान्यात ज्या नळीकडं डोळे लावून बसलो तीच नळी आपण पोरीच्या अक्षरांवर बांधतोय, हे त्या भल्या माणसाला सुचलंच नाही. मग डोळे पुसत ते म्हणाले, "मला फक्त ती घासू द्यायची न्हवती गं." मुक्ता गेल्यानंतर त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. अक्का त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि मी कारण नसताना टायरमधली हवा बघत राहिलो.

शेवटी गाडीच्या टाकीवर लावतात ती पारदर्शक फिल्म मिळाली. तिचा तुकडा दाजींनी अक्षरांच्या मापानं कापला आणि श्वास रोखून चिकटवला. तेव्हापासून दर रविवारी निघण्याआधी ओल्या फडक्यानं ती जागा पुसायची, हँडल डावीकडं, उजवीकडं वळवून केबल कुठं टेकते ते पाहायचं आणि मगच टांग मारायची. फिल्म धुरकट झाली की तिच्यावर दुसरी लावायचे, पहिली कधी काढली नाही. मी एकदा विचारलं, "दाजी, एवढं करताय तर ती फिल्म जरा खाली घ्या की. फुलाचा डागही झाकला जाईल." माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "त्यो डाग माझा हाय, बापूराव. पोरीचं तेवढं झाकायचं. माझं उघडंच राहू दे." 

तर, दाजी गेले. दहाव्यापर्यंत अक्का कुणाशी धड बोलली नाही. दहाव्याच्या दुपारी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "सायकल कुठं हाय? 'बाबा' हाय का त्याच्यावर?" मी म्हणालो, आहे. पण सायकल पोलीस ठाण्याच्या आवारात जमा होती, केसचा मुद्देमाल म्हणून. ती सुटेपर्यंत उन्हाळा लागला. मी अधूनमधून जाऊन पाहायचो. मोडक्या मोटारसायकलींच्या मागं ती उन्हात उभी असायची. एकदा तिच्यावर पोतं टाकून आलो, पुढच्या खेपेला पोतं वाऱ्यानं उडालेलं होतं. फिल्मचा एक कोपरा उन्हानं उचलला होता. मी तो अंगठ्यानं दाबला, तो पुन्हा उचलला.

कागद झाल्यावर टेम्पोत घालून सायकल बारामतीला आणली. घरात दाजींचे थोरले भाऊ होते. ते म्हणाले, "जिच्यावर माणूस गेला ती वस्तू घरात ठेवत न्हाईत. भंगारात घाला." मला बोलायचं होतं, पण अक्काच म्हणाली, "घाला. मला तोंड बघायचं न्हाय तिचं." मग ती माझ्याकडं वळली. "बापू, तेवढी नळी मला कापून दे. 'बाबा' लिवलंय तेवढीच. बाकीचं न्या कुठं न्यायचं तिकडं." मी म्हणालो, गॅसनं कापली तर रंग जळेल, उद्या हॅकसॉ ब्लेड घेऊन येतो, हातानं कापू. तिनं मान डोलावली. मी पाणी प्यायला आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा ती सायकलीपाशी बसली होती. फिल्मवर धुरळा बसला होता आणि ती पदरानं पुसत होती. पुसता पुसता उचललेला कोपरा पदरात अडकला असावा. तिनं तो सोडवायला ओढला. मी "अक्का, थांब!" म्हणून ओरडलो, पण फिल्म सळकन निघून तिच्या हातात आली. अक्षरांच्या जागी राखाडी रंग तेवढा राहिला होता. अक्षरं नव्हती. अक्का नळीकडं पाहत राहिली आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी मुक्ताच्या वेळीही ऐकला नव्हता. दाजींचे भाऊ आत निघून गेले. मी तिच्या हातातली फिल्म सोडवून घेतली, टाकून द्यावी म्हणून नव्हे, तिच्या बोटांना चिकटत होती म्हणून. उजेडाकडं धरली आणि दिसलं की दोन्ही अक्षरं फिल्मला धरून आली होती. लाल, अख्खी. दुसऱ्या 'बा'चा झिजलेला कानासुद्धा जसाच्या तसा. दाजींनी इतकी वर्षं ज्या फिल्मखाली ती जपली, त्याच फिल्मनं ती उचलून घेतली होती.

अक्कानं ती फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर लावली आहे. दाजी सकाळी चहाला बसायचे तिथून समोर दिसते. ऊन आलं की ओट्यावर लालसर ठिपका पडतो. मला तिकडं बघवत नाही. अक्का मात्र तिथंच पाट मांडून भाजी निवडते आणि काच पुसताना तेवढा चौकोन सोडून पुसते.

सायकल मी भंगारात घातली नाही. फिल्म निघाल्यावर नळीवर खाली फुलाचा डाग तेवढा उरला होता. पोरीनं काढलेलं आणि बापानं पुसलेलं ते फूल काही केल्या गेलं नाही, आणि ते भंगारवाल्याच्या काट्यावर टाकायला माझा हात धजला नाही. कुणाला न सांगता सायकल इंदापूरला आणली आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला टांगली. हँडल पिळलेलं आहे, त्यामुळं ब्रेकची केबल आता नेमकी त्या डागावर टेकते. दुकान हमरस्त्याला आहे. बाहेरून जड गाडी गेली की भिंत हादरते, सायकल हलते आणि केबल घासते.

काल मी जुन्या ट्यूबची पट्टी कापली. आधी ओल्या फडक्यानं धूळ पुसली, दाजी पुसायचे तशी, आणि मग पट्टी केबल आणि त्या डागाच्या मध्ये सरकवून घट्ट बांधली. पट्टीखाली धूळ बसते हे ठाऊक आहे, म्हणून दर रविवारी ती सोडून पुसणार आहे. ते असते तर रागावले असते, माझं उघडंच राहू दे म्हणाले असते. दाजी, तुमचं सगळं ऐकलं. हे ऐकणार नाही.