सापडेल ते पुसून टाक

माझ्या धाकट्या दिराला मी समोर भाऊजी म्हणते. इथे ‘तो’ म्हणणार आहे. कागदावर मला कुणी आडवं येत नाही, आणि त्याला अहोजाहो करायची माझी हौस कधीच फिटली आहे.

सासरी आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना. मी मंगळवेढ्याची, चित्रकलेचा डिप्लोमा केलेली. लग्नानंतर मामंजींनी कारखान्यातली एक खोली रिकामी करून मला दिली, तिथे कॉम्प्युटर बसवला आणि नक्षीचं काम माझ्याकडे आलं. नक्षी पडद्यावर काढायची, मग त्याच प्रोग्रामने ती मागाला कळेल अशा फाइलमध्ये बदलायची आणि पेन ड्राइव्हवरून मागाला द्यायची. घरात माझं म्हणावं असं एक कपाट होतं, त्यातही अर्धे शालू सासूबाईंचे. ही खोली मात्र माझी होती. आत येताना माणसं दार वाजवायची.

आमच्याकडे कुठलीही वस्तू आली की तिला सिद्धेश्वराचं नाव मिळतं. टेम्पोला, बोअरच्या मोटारीला, वायफायलासुद्धा. कॉम्प्युटर आला तेव्हा मामंजींनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि बसवायला आलेल्या माणसाला सांगितलं, “जितं जितं नाव इचारंल, तितं तितं देवाचंच टाका.” त्याने टाकलं. त्यामुळे कॉम्प्युटर उघडायचा तो देवाच्या नावाने, आणि माझा नक्षीचा प्रोग्राम बसला तोही देवाच्याच नावाच्या फोल्डरात. बिलं करायचा एक जुना प्रोग्राम मामंजींनी सात रस्ता चौकातल्या एका माणसाकडून करून घेतला होता. त्याचं नाव काय असणार, ते सांगायला नको.

हा बिलांचा प्रोग्राम पुढे बंद पडला. बिलं दुसऱ्या मशीनवर गेली. पण रोज सकाळी माझ्या पडद्यावर त्याची एक चौकट यायची, ‘मुदत संपली, नूतनीकरण करा’ म्हणून. मी ती बंद करायची आणि कामाला लागायची. मला तिचा काही त्रास नव्हता.

त्रास दिराला होता. तो पुण्याला काही वर्षं कुठल्याशा कंपनीत होता आणि परत आला तो सगळ्यांना सुधारायला. माझ्या खोलीवर त्याचा डोळा होता. “नक्षी आता तयार मिळती की वहिनी, बाहेरून. घरी कशाला काढत बसायचं?” असं तो जेवताना सहज म्हणायचा, भाकरी मोडता मोडता. त्याला तिथे ऑनलाइन विक्रीचं पॅकिंग करायचं होतं. नवरा ताटात बघायचा. आमच्या ह्यांना भांडणात ताटाइतकं सुरक्षित काही सापडत नाही.

शेवटी मामंजींनीच तोड काढली. विजापूर रोडला एक नवं हॉटेल होत होतं, त्यांना त्यांची स्वतःची नक्षी असलेले टॉवेल हवे होते. मामंजी म्हणाले, “ही ऑर्डर सूनबाईंच्या नक्षीवर आली, तर खोली ऱ्हायली. न्हाय आली, तर पॅकिंग.” मी हो म्हटलं. मला माझ्या हातावर भरवसा होता.

मी किनारीला ज्वारीची कणसं घेतली. आमच्याकडच्या काळ्या रानातली, भरलेली, एका बाजूला कललेली. टॉवेलच्या उठलेल्या लूपमध्ये एकेक दाणा बोटाला लागला पाहिजे, अशी मांडणी जमवायला मला फार दिवस लागले. हॉटेलच्या मालकीणबाईंनी पडद्यावर बघितली आणि म्हणाल्या, “हीच. आता कापडावर आणून दाखवा.” फाइल बदलून मागाला द्यायची एवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले, तर दीर माझ्या खुर्चीवर. दार वाजवायचा प्रश्नच नव्हता, आत तोच होता.

“ती चौकट कायमची घालवतो,” म्हणाला. “रजिस्ट्रीत घाण ऱ्हायलीय. एक स्क्रिप्ट हाय, चालवली की साफ.”

रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरचं रेशनकार्ड म्हणा. कुठला प्रोग्राम कुठे राहतो, त्याला परवाना कुठला, सगळं तिथे लिहिलेलं. तिथून नाव उडालं की प्रोग्राम घरात असतो, पण त्याला दाणा मिळत नाही. आणि स्क्रिप्ट म्हणजे ओळीत लिहून ठेवलेले हुकूम. त्याने ती इंटरनेटवरून उचलली होती. मूळ लिहिणारा शहाणा असावा. त्याने आधी नोंदी शोधून दाखवायची आणि मग पुसू का असं विचारायची सोय ठेवली होती. आमच्या शहाण्याने विचारायची ओळ काढून टाकली, कारण प्रत्येक वेळी हो म्हणायचा त्याला कंटाळा. आणि शोधायचा शब्द म्हणून त्याने बिलांच्या प्रोग्रामचं नाव घातलं.

म्हणजे देवाचं.

त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर ओळी सरसर वर जायला लागल्या. तो खुशीत होता. “बघा वहिनी, किती कचरा साठलाय.” मी बघत होते. त्या कचऱ्यात मला माझ्या नक्षीच्या प्रोग्रामचं नाव जाताना दिसलं. मग परत दिसलं.

“भाऊजी, थांबवा. ह्यात माझा प्रोग्राम जातोय.”

“घाबरायलाव कशाला? देवाच्या नावाचं जुनं तेवढंच जातंय. तुमी नक्षी बघा.”

“आपल्या घरात देवाच्या नावाचं नाही असं काय आहे?”

त्याला ते ऐकूच गेलं नाही. ऐकलं असतं तरी ओळी थांबल्या नसत्या, पण त्याने निदान मान वळवायला हवी होती.

मशीन बंद करून चालू केलं. बिलांची चौकट खरंच आली नाही. माझा प्रोग्रामही आला नाही. परवाना क्रमांक द्या, म्हणाला. तो ज्या कंपनीने दिला होता ती कंपनी केव्हाच उठली होती, फोन वाजून वाजून थांबत होता. सात रस्त्यावरून दुरुस्तीवाला आणला. त्याने मागच्या तारखेला परत जायची सोय शोधली, तर ती बंद. मशीन जलद चालावं म्हणून तीही दिरानेच बंद करून ठेवली होती. कणसं होती, माझ्या फोल्डरात जशीच्या तशी होती. त्यांना उघडणारं आमच्याकडे कुणी उरलं नव्हतं.

त्याने हे मुद्दाम केलं असतं तर एक वेळ मी माफ केलं असतं. मुद्दाम करणारा माणूस निदान तुमची दखल घेतो. ह्याने माझं काम पुसलं आणि पुसताना त्याला ते काम आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मला अजूनही त्याचाच संताप येतो.

संध्याकाळी घरात बैठक बसली. त्याने आधी व्हायरस म्हणून बघितलं, मग मशीन जुनं होतं म्हणाला. मी स्क्रिप्टमधला शब्द वाचून दाखवल्यावर सरळ मामंजींकडे वळला. “मग अप्पा, सगळीकडं तेच नाव टाकायला कुणी लावलं? तुमीच की.”

मामंजींचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ह्याच्या कानाखाली बसेल. पण धाकटा तो धाकटा. मामंजी म्हणाले, “ऱ्हाऊ दे. देवाच्या मनात नसंल.”

“देवाने काही नाही पुसलं, मामंजी. भाऊजींनी पुसलं.”

“साकु,” ते म्हणाले. पुरे. मामंजी कानडीवर आले की विषय संपतो. आमचे हे तेवढ्यात पाणी प्यायला उठले होते.

हॉटेलला त्याने बाहेरून आणलेली तयार नक्षी पाठवली. कमळं. सगळ्यांकडे असतात तसली. मालकीणबाईंनी नमुना परत पाठवला. ऑर्डर आली नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे माझी खोली पॅकिंगला गेली. ऑर्डर का आली नाही, आणि त्या सकाळी माझ्या खुर्चीवर कोण बसलं होतं, ते कुणी विचारलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण आमचा चोर बोंबलतसुद्धा नव्हता. तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

महिन्याभरात मी एमआयडीसीतल्या एका दुसऱ्या कारखान्यात नोकरी धरली. त्यांच्याकडे माझाच प्रोग्राम होता, परवाना अजून शाबूत असलेला. घरात गहजब झाला. आमची सून परक्याच्या मागावर! सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, ते चार दिवस बरे गेले. मी कणसांची फाइल पेन ड्राइव्हवर नेली, तिथे उघडली, आणि त्या मालकांनी नमुना विणून हॉटेलला दाखवला.

मागच्या लगीनसराईत नणंदेच्या मुलीचा साखरपुडा त्याच हॉटेलात झाला. जेवणं उरकली. हात धुवायच्या जागी दीर माझ्या पुढे होता. त्याने शेजारच्या गठ्ठ्यातला टॉवेल उचलला, हात पुसले, मग किनारीवरून अंगठा फिरवला. टॉवेलचा धंदा करणारा माणूस, हात आपोआप जातो. दाणे त्याच्या अंगठ्याला लागत होते, मला दिसत होतं.

“माल लई चांगलाय की वहिनी,” तो म्हणाला. “कुणाचा असंल?”

“आपला होता,” मी म्हटलं.